दुसऱ्याच्या वडिलांना लिहिलेली कार्डं

मिशिगनमधल्या एका विद्यापीठात मी कथालेखन शिकवतो. इंग्रजीत लिहितो आणि इंग्रजीतच शिकवतो. दोन पुस्तकं झाली आहेत, तिसरं सहा वर्षं रखडलं आहे. जवळच्या नोव्हाय गावातले काका, नात्याने नव्हे, ओळखीने झालेले, या कामावरून मला पहिल्या भेटीपासून चिडवत आले. ते मोटारींच्या ब्रेकचे इंजिनिअर, एकाच कंपनीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले.

"मास्तर," ते म्हणायचे, "आमचा ब्रेक लागला नाही तर माणूस मरतो. तुमची गोष्ट जमली नाही तर काय होतं?"

"काही होत नाही, काका."

"मग बरंय. तब्येतीला चांगली नोकरी आहे."

गोष्ट जमली तर काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

मी मूळचा नाशिकचा. इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी आलो आणि दुसऱ्या वर्षी, एक विषय कमी पडत होता म्हणून, कथालेखनाच्या वर्गात जाऊन बसलो. त्यानंतर इंजिनिअरिंग सुटलं ते सुटलंच. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "व्हिसाचं काय?" मला ते फार कोरडं वाटलं होतं. आज वाटतं, त्यांना तेवढाच एक प्रश्न विचारता येण्यासारखा होता. त्यांच्याशी पुढची काही वर्षं मी कामापुरतं बोलत राहिलो, आणि मग बोलायला ते राहिले नाहीत. पुढे जे घडलं त्यात याचा वाटा आहे, म्हणून सांगितलं.

मिशिगनला आलो तेव्हा नोकरी वर्षावर्षाच्या कराराची होती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत काका-काकू भेटले. काकूंनी विचारलं, "जेवतोस कुठे?" मी सँडविच म्हणालो, आणि दर रविवारी चाळीस मिनिटं गाडी चालवून नोव्हायला जेवायला जाण्याची पद्धत पडली. त्यांना एकच मुलगा. मेडिकलचं शिक्षण तिसऱ्या वर्षी सोडून तो वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला निघून गेला होता आणि तिथे एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करत होता. सोडल्याचं त्याने घरी सांगितलं तेव्हा काका जेवणाच्या टेबलावर म्हणाले होते, "तुझ्यावर घातलेली वर्षं वाया गेली." त्याने ताट बेसिनमध्ये ठेवलं, बॅग भरली आणि गेला. तेव्हापासून वडिलांचा फोन तो उचलत नव्हता. आईचा वर्षातून दोनदा उचलायचा, पण हे काकांना माहीत नव्हतं. "कळलं तर हे माझ्या हातातला फोन घेतील, आणि मग तो माझाही उचलायचा नाही," असं काकू म्हणत.

काकांच्या बैठकीत फायरप्लेसवर एक फळी होती आणि त्या फळीवर फादर्स डेचं एक कार्ड उभं केलेलं असायचं. मुलाने कॉलेजात असताना पाठवलेलं. आत छापील चार ओळी, खाली त्याची सही, बस्स. काका फादर्स डेला हसायचे, "बापाचाही दिवस करून ठेवला यांनी", पण ते कार्ड धूळ झटकून परत तिथेच ठेवायचे. मंडळातलं कुणी घरी आलं की त्यांची नजर त्या कार्डाकडे जायची, आणि कार्डावरचं वर्ष जुनं होत चाललं होतं.

एका जूनमध्ये, काका वर झोपलेले असताना, काकूंनी स्वयंपाकघरात माझ्यासमोर एक कोरं कार्ड ठेवलं. शेजारी मुलाची शाळेतली वही, बेसमेंटमधून शोधून आणलेली.

"तुझं इंग्लिश त्याच्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "माझं लगेच ओळखू येईल. दोन ओळी लिही. अक्षर असं काढ, बघ, तो इंग्रजी 'जे'चं शेपूट असं खाली ओढतो."

"काकू, हे बरोबर नाही."

"मला कळतं ते. तुला कुणी बरोबर काय ते विचारलंय का? कार्ड आलं नाही म्हणून ते गेल्या वर्षी दोन दिवस गॅरेजमध्ये बसून होते."

मी लिहिलं. काकू टपाल स्वतः आणायच्या, त्यामुळे पाकिटाचा प्रश्न नव्हता. 'पाकीट फाटलं होतं, टाकून दिलं' एवढं पुरलं. काकांनी कार्ड दोनदा वाचलं आणि जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला.

पुढे दर जूनला एक, अशी चार कार्डं मी लिहिली. पहिलं भीत भीत लिहिलं. दुसऱ्यापासून मला त्यात गोडी वाटू लागली, हे कबूल केलं पाहिजे. मी विद्यार्थ्यांना सांगतो की पात्र खरं वाटायला हवं असेल तर असा एक तपशील शोधा, जो त्या एका माणसालाच माहीत असेल. तिसऱ्या कार्डाला मला तसा तपशील मिळाला.

तो मला काकांनीच दिला होता. एकदा हिवाळ्यात आम्ही दोघं ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो. दमल्यावर गॅरेजमध्ये उभे राहिलो, तेव्हा ते आपणहून बोलले. मुलगा पहिलीत होता. त्याचे बूट गळके झाले होते. हिवाळा संपत आलाय, पाय वाढतील, पुढच्या वर्षी नवे घेऊ, असा विचार करून काकांनी त्याच्या मोज्यांवर ब्रेडच्या रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या चढवल्या आणि वर तेच बूट घातले. शाळेत बूट काढल्यावर पोरं हसली, हे पुढे त्याच्या बाईंकडून कळलं. त्याने घरी येऊन काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो पिशव्या घालू देईना, आणि ओले मोजे घेऊन घरी येऊ लागला.

"परवडत नव्हतं असं नाही," काका म्हणाले. "बुटांचं दुकान वाटेत होतं रे. रोज त्याच्यावरून जात होतो."

तिसऱ्या कार्डात मी ते लिहिलं. कार्ड अर्थातच इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असं: 'बाबा, काल इथे पाऊस झाला आणि मला ब्रेडच्या पिशव्या आठवल्या. त्या पिशव्यांत माझे पाय दिवसभर कोरडे राहिले होते. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.'

काका ते कार्ड घेऊन वर गेले आणि जेवायची वेळ होईपर्यंत खाली आले नाहीत. मी स्वयंपाकघरात बसून होतो. माझ्या मनात काय चाललं होतं ते मला पक्कं आठवतं. मी विचार करत होतो की हे वाक्य किती नेमकं बसलं.

चौथ्या कार्डानंतरच्या हिवाळ्यात मी यावर गोष्ट लिहिली. तेव्हा माझी नोकरी कायम होण्याचा अर्ज जायचा होता आणि हातात सांगण्यासारखं काही नव्हतं. गोष्ट आठ दिवसांत झाली. मी कुटुंब पंजाबी केलं, गाव ओहायोत नेलं, वडिलांना दातांचा डॉक्टर केलं. आईला कार्डं लिहून देणारा पाहुणा शेजारी केला. ब्रेडच्या पिशव्या बदलता आल्या नाहीत. खरं म्हणजे बदलायचा प्रयत्नच केला नाही. गोष्ट एका त्रैमासिकात आली, मग एका निवडक संग्रहात. माझी नोकरी कायम करणाऱ्या समितीने पत्रात या गोष्टीतल्या प्रामाणिकपणाचा खास उल्लेख केला. ते पत्र मी कुणाला दाखवलं नाही.

काकूंशी मी गोष्टीबद्दल बोललोच नाही. अमेरिकन त्रैमासिकं आपल्या लोकांत कोण वाचतं, अशी माझी समजूत होती. काका मराठीच वाचायचे. दिवाळी अंक तर छपाईच्या पत्त्यासकट. तेव्हा धोका नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मग मंडळाच्या अंकाच्या संपादिकेचा मेल आला. ही पुण्याची मुलगी, कामासाठी व्हिसावर आलेली, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिने तो संग्रह लायब्ररीत वाचला होता. 'सर, कसली भारी स्टोरी आहे. आपल्या अंकासाठी मी ट्रान्सलेट करू का?' मी दोन मिनिटांत 'अवश्य' असं उत्तर पाठवलं. तेवीस वर्षं मी मराठीबाहेर लिहीत होतो आणि मराठीत कुणी मला वाचलं नव्हतं. त्या दोन मिनिटांत मला काका आठवले का? आठवले. मी तरीही पाठवलं. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, काकूंनाही नाही.

आठवड्याने तिचा फोन आला. "सर, एक केलंय मी, रागावू नका हं. फॅमिली पंजाबी होती ना, ती मराठी केली. आणि डेंटिस्टचा इंजिनिअर केला. आपल्या लोकांना जास्त रिलेट होतं. चालेल ना?"

मी चालेल म्हणालो. मी जे झाकलं होतं ते तिने नकळत परत जागच्या जागी आणून ठेवलं होतं, आणि ते ऐकून मला पहिली भावना झाली ती, 'हो, असंच बरोबर आहे' ही. भीती नंतर वाटली.

अंक नोव्हायला टपालाने पोचला त्या दुपारी काकूंचा फोन आला.

"अंक मी कणकेच्या डब्यामागे लपवलाय," त्या म्हणाल्या. "उभ्याने वाचलं मी. तू मला विचारायचं तरी होतंस."

"काकू, चुकलो."

"ते राहू दे. शनिवारी कार्यक्रमात हीच वाचणार आहेत म्हणे, तुला शाल देऊन. ते बंद कर. यांना मी गुडघ्याचं निमित्त करून घरी ठेवते, पण तू ते बंद कर."

मी संपादिकेला फोन केला. दुसरी एखादी गोष्ट वाचूया का, असं विचारलं.

"सर, प्लीज, आम्ही तीन वीकेंड प्रॅक्टिस केलीय. आईचं काम करणारी तर रडते हो प्रत्येक वेळी. का, आवडलं नाही का ट्रान्सलेशन?"

कारण सांगितल्याशिवाय ते थांबणार नव्हतं, आणि कारण सांगणं म्हणजे काकूंचं घर तिच्यासमोर उघडणं. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. प्रकृतीचं कारण सांगता आलं असतं, घरी काही झाल्याचं सांगता आलं असतं. मी गोष्टी रचून जगणारा माणूस आहे आणि त्या फोनवर मला एक थाप सुचली नाही. मला ती गोष्ट मराठीत ऐकायची होती.

काका घरी थांबले नाहीत. "आपला मास्तर शाल घेतोय आणि मी गुडघा धरून बसू? औषध चोळ आणि चल," असं काकूंना म्हणाले म्हणे. शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं होतं. बाहेर मांडलेल्या फॉइलच्या ट्रेमधल्या वड्यांचा वास आतपर्यंत येत होता. पहिल्या रांगेत मी, माझ्या अंगावर शाल, मांडीवर नारळ. शेजारी काका, पलीकडे काकू.

वाचन सुरू झालं. आमच्या वर्गात एक नियम आहे. ज्याच्या गोष्टीवर चर्चा चालू असते त्याने तोंड उघडायचं नाही, ऐकून घ्यायचं. हा नियम मी वीस वर्षं मुलांना पाळायला लावतो. त्या दिवशी मी त्याच्या आड लपून बसलो. फळीवरचं कार्ड आलं, बेसमेंटमधली वही आली. काका समोर बघत होते. मधे एकदा त्यांनी काकूंकडे मान वळवली. काकू मांडीवरच्या पर्सचा बंद सरळ करत होत्या. पिशव्या आल्या तेव्हा मागून कुणीतरी हुंदका दिला. काकांचा हात खुर्चीच्या दांडीवर होता, तो त्यांनी उचलून मांडीवर ठेवला. टाळ्या झाल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

बाहेर संपादिका वड्याची प्लेट घेऊन त्यांच्याजवळ गेली. "काका, कशी वाटली स्टोरी?"

"छान लिहिली आहे," काका म्हणाले. "चटणी कुठंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "मास्तर, चहाला या." मी तासाभरात पोचलो. डायनिंग टेबलावर पाच कार्डं एका ओळीत मांडून ठेवली होती. काकू गॅसजवळ उभ्या होत्या, डोळे सुजलेले. काकांनी मला समोर बसवलं.

"यातली त्याची कुठली आणि तुझी कुठली, वेगळी कर."

मी माफी मागायला सुरुवात केली.

"ते नंतर. आधी वेगळी कर."

कॉलेजातलं, छापील ओळींचं कार्ड मी त्यांच्या बाजूला सरकवलं. माझी तीन माझ्याकडे घेतली. पिशव्यांचं कार्ड हातात आलं. काकांनी पिशव्यांचं मला सांगितलं होतं हे त्यांच्या लक्षात नसावं, असं त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं. गोष्टीत ते होतं, पण गोष्टीत मी खऱ्या कार्डांतलंही काही उचललं असेल, असं त्यांनी धरून चालणं शक्य होतं. मी ते कार्ड त्यांच्या बाजूला, मुलाच्या कार्डावर ठेवलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं.

मी हे दयेपोटी केलं, असं सांगता आलं तर मला बरं वाटेल. पण ते माझ्या हातून लिहिलं गेलेलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं, आणि ते टेबलाच्या माझ्या बाजूला कचरा होऊन पडलेलं मला बघवलं नसतं, हेही त्यात होतं. किती कशाचं, ते आजही मला सांगता येत नाही.

काकांनी चष्मा लावला, कार्ड उघडलं, वाचलं. त्यांचे खांदे खाली आले. "हे त्याचं आहे," ते काकूंना म्हणाले. "हे तरी त्याचं आहे. बघ, त्याला आठवतं. फोन आण, मी लावतो. म्हणतो, तुझं कार्ड मिळालं होतं, मीच उत्तर दिलं नाही."

काकू हलल्या नाहीत. काका स्वतः उठून काउंटरकडे जायला लागले. गुडघ्यामुळे त्यांना टेबलाला धरून उठावं लागलं. तेवढा वेळ मिळाला.

"काका, तेही माझं आहे."

ते तसेच टेबल धरून उभे राहिले.

"पिशव्यांचं तुम्ही मला सांगितलं होतं. गॅरेजमध्ये. बर्फ काढला त्या दिवशी."

"मी सांगितलं होतं?"

"हो."

ते परत बसले. कार्ड बंद करून त्यांनी माझ्या बाजूला सरकवलं, अगदी सावकाश, चहाचा कप सरकवावा तसं.

"म्हणजे त्याचे पाय कोरडे राहिले होते का ओले," ते म्हणाले, "ते मला माहीत नाहीच."

मी काहीतरी म्हणालो. त्यालाही असंच वाटत असेल, असं काहीसं. काकांनी हात वर करून मला थांबवलं. "तुला काय माहीत? तू त्याला भेटलायस का?"

भेटलो नव्हतो. आजही भेटलेलो नाही. ज्या माणसाच्या वतीने मी त्याच्या वडिलांना क्षमा करून टाकली, त्याचा आवाजही मी ऐकलेला नाही.

मग काकांनी काकूंना विचारलं, "तू बोलतेस त्याच्याशी? गोष्टीतली आई बोलते."

"वर्षातून दोनदा. तो उचलतो माझा."

"बरा आहे?"

"बरा आहे. पाठ दुखते म्हणत होता."

"एवढं सांगितलं असतंस तरी मला चाललं असतं," काका म्हणाले.

काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या. काकांनी चहा संपवला, मलाही संपवायला लावला. मी निघताना चार कार्डं माझ्या हातात दिली. "तुझी आहेत ती," म्हणाले. त्यात राग असता तर मला सोसलं असतं.

चार महिने मी नोव्हायला गेलो नाही. मग काकूंनीच बोलावलं. आता पुन्हा रविवारी जातो. काका मला मास्तर म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात. फळीवर एकच कार्ड आहे. वर्गात मी ती गोष्ट शिकवत नाही, पण संग्रहातून काढूनही घेतलेली नाही. दर वर्षी तिचं थोडं मानधन येतं आणि कुणा विद्यार्थ्याचा मेल येतो की गोष्ट वाचून वडिलांना फोन केला.

हे लिहिण्याआधी मी दोघांना विचारलं. काकूंनी आधी वाचून घेतलं. काका म्हणाले, नावं घालू नकोस. मुलाला विचारायचा धीर मला झालेला नाही, तेव्हा ही चूक मी दुसऱ्यांदा करतो आहे, हे मला कळतं.

काका आता दर रविवारी, मी असलो तरी, बॉथेलला फोन लावतात. तो उचलला जात नाही. रेकॉर्डिंगवर ते बोलतात, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. हवा, गुडघा, आई ठीक आहे, पाठीला शेक दे. मधेच शब्द अडतो, मग रेकॉर्डिंगची वेळ संपते आणि वाक्य अर्धं राहतं. गेल्या महिन्यात असंच झालं तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "काका, तुम्ही सांगा, मी नुसतं टाइप करतो. तुमच्याच नावाने ईमेल पाठवू."

त्यांनी फोन खाली ठेवला आणि परत नंबर लावायला घेतला.

"नको रे," ते म्हणाले. "तू फार छान लिहितोस."